टीएफडब्ल्यूएसची सीट घ्यावी का? डिप्लोमाला जाणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर

बार्शी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: मुलाला दहावीला ८६.४० टक्के मिळाले. त्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय. दीड एकर जिरायती जमीन, ताई शिवणकाम करतात, वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, प्रवर्ग खुला. कुणी म्हणतं टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम, म्हणजे ट्यूशन फी माफीची जागा) भरा, सगळी फी माफ होते. कुणी म्हणतं त्या भानगडीत पडू नका, अर्धी फी महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, मिळतेच. त्यात एका खासगी कॉलेजचा फोन आला, "आमच्याकडे या, टीएफडब्ल्यूएस आम्ही करून देतो." धाकटी मुलगी यंदा नववीत आहे, तिच्यासाठी काही वेगळं आहे का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, मी चोवीस वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं उन्हाळ्याची सुट्टी प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर काढली. तुमच्यासारखे आई-बाप रोज टेबलासमोर बसायचे, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत दाखले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोनचं बघू, कारण तिथे घाई होण्याची भीती आहे. टीएफडब्ल्यूएस कुठलंही कॉलेज "करून देऊ" शकत नाही. ही एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची योजना आहे आणि महाराष्ट्रात तिच्या जागा तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रवेशातून, म्हणजे आपण ज्याला कॅप राऊंड म्हणतो त्यातून, गुणवत्ता यादीनेच भरल्या जातात. जागा रिकामी राहिली तर ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कॉलेजने स्वतःहून फीत सूट दिली तर ती व्यवस्थापनाची सवलत. ती पहिल्या वर्षी मिळते, दुसऱ्या वर्षी मिळेल की नाही हे कागदावर क्वचितच असतं. त्याहून मोठा धोका असा की फोनवरून बोलावणारे पुष्कळदा कॅपच्या बाहेर, संस्था स्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यात प्रवेश करून घेतात. त्या दारातून आत गेलात की टीएफडब्ल्यूएसही गेली आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही गेली, कारण दोन्हींना प्रवेश कॅपमधूनच हवा. असे पालक सप्टेंबरमध्ये माझ्याकडे यायचे. तेव्हा हातात काहीच उरलेलं नसायचं, ना त्यांच्या ना माझ्या. फोनवाल्यांना नम्रपणे सांगा, आम्ही कॅपमधून भरतोय, आणि मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला कॅपमधली सीट पक्की होईपर्यंत कुणाच्या हातात देऊ नका.

आता मूळ प्रश्न. टीएफडब्ल्यूएसला सगळे शिष्यवृत्ती म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. शिष्यवृत्ती म्हटलं की वाटतं, आधी प्रवेश घेऊ, मग अर्ज करू. इथे तसं नाही. ही एक वेगळी जागा आहे. प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांच्या वर पाच टक्के जादा जागा असतात, म्हणजे साठ जागांच्या वर्गात तीन. त्या तीन जागांवर जो बसतो त्याला अभ्यासक्रम संपेपर्यंत ट्यूशन फी नाही. प्रवेश झाल्यावर "मलाही टीएफडब्ल्यूएस द्या" म्हणता येत नाही. नोंदणीच्या अर्जात तिथला पर्याय "हो" करावा लागतो, उत्पन्नाचा दाखला लावावा लागतो आणि ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या अर्जात, त्या जागेचा कोड वेगळा भरावा लागतो. कॉलेज तेच, शाखा तीच, फक्त कोडच्या शेवटी इंग्रजी "टी" अक्षर असतं. हा टी न भरलेली, ९४-९५ टक्क्यांची आणि घरी खरोखर अडचण असलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या खाली गुण असलेला मुलगा टीच्या जागेवर बसला आणि ही मुलं फी भरत राहिली. कुणी अन्याय केला नव्हता, कोड भरलाच नव्हता.

पात्रता सरळ आहे. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तुम्ही त्यात बसता. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण नंतर मन मोडण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. आठ लाखांची मर्यादा दोन लाखवाल्याला आणि पावणेआठ लाखवाल्याला एकाच रांगेत उभं करते, आणि पुढे फक्त गुण चालतात. शहरातल्या शाळेत शिकलेला, दोन-दोन क्लास लावलेला, ९६ टक्क्यांचा मुलगा आणि शिलाई मशीनच्या आवाजात अभ्यास करून ८६ टक्के काढलेला तुमचा मुलगा, त्या तीन जागांसाठी एकाच यादीत आहेत. मला ही रचना पटत नाही. मर्यादेच्या आतही उत्पन्नाचे दोन-तीन टप्पे करून जागा वाटल्या असत्या तर गुणवत्तेला धक्का न लागता खऱ्या गरजेपर्यंत मदत पोचली असती. पण आज नियम असा आहे आणि त्याच नियमात तुमच्या मुलाचा फॉर्म भरायचाय. त्यामुळे नावाजलेल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या टी-सीटचा कटऑफ साध्या खुल्या जागेच्या वर जातो, हे धरून चाला. तीच गोष्ट मेकॅनिकल, सिव्हिल किंवा तालुक्याच्या कॉलेजात असेलच असं नाही. तिथे टीचा कटऑफ बराच खाली येतो. गेल्या वर्षीचे कटऑफ संचालनालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. मुलाला ते काढायला सांगा आणि आपल्याला परवडणाऱ्या अंतरातल्या सात-आठ कॉलेजांचे साधे आणि टीचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा. ही वही दहा सल्लागारांपेक्षा कामाची.

मग अर्धी फीवाली योजना. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत, आठ लाखांच्या आतल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला कॅपमधून प्रवेश घेतल्यावर ट्यूशन फीच्या ५० टक्के मिळतात. अर्ज महाडीबीटीवर. कुटुंबातल्या पहिल्या दोन मुलांपुरती ही योजना आहे, तुमची दोनच आहेत, प्रश्न नाही. इथे तीन जागांची मारामारी नाही. अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला मिळते. तेव्हा तुमच्यासमोरची निवड "फुकट की पूर्ण फी" अशी नाहीच. निवड आहे पूर्ण माफी की अर्धी माफी.

हिशोब करून बघू. समजा एका खासगी कॉलेजची ट्यूशन फी वर्षाला ५०,००० आहे. टीच्या सीटवर ती शून्य. साध्या सीटवर शाहू शिष्यवृत्ती धरून २५,०००. म्हणजे टीमुळे जादा वाचले वर्षाला २५,०००, तीन वर्षांचे ७५,०००. विकास शुल्क, अनामत, इतर किरकोळ फी दोन्हीकडे द्यावीच लागते, "सगळी फी माफ" हे खरं नाही. प्रवेशाच्या दिवशी हातात काही हजार असू द्या.

७५,००० ही तुमच्या घरासाठी लहान रक्कम नाही, मला कळतं. पण आता दुसरी बाजू. समजा ही टी-सीट पुण्यात मिळाली आणि अर्ध्या फीची सीट घरापासून एसटीच्या अंतरावर. पुण्यात खोली आणि मेसचे महिन्याला ५,००० धरले तरी दहा महिन्यांचे ५०,०००. वाचवले २५,००० आणि घातले ५०,०००. घरून जाणाऱ्या मुलाला एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांशात मिळतो, आणि रात्री आईच्या हातचं जेवण. लांबची टी-सीट स्वस्त दिसते, असतेच असं नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला कुणी पूर्ण सांगितली नसेल, ती सांगतो. टीच्या जागेवर बसलेल्या विद्यार्थ्याला नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. साध्या सीटवरच्या मुलाला जागा रिकामी असेल आणि नियमात बसत असेल तर बदलाचा अर्ज करता येतो, टीवाल्याला ती वाट बंद. पुष्कळ वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्या टेबलावर आला होता, ९१ टक्के. मन कॉम्प्युटरमध्ये. वडिलांनी मेकॅनिकलचा टी-कोड सगळ्यात वर टाकला, "फुकट आहे, पुढच्या वर्षी ब्रँच बदलून घेऊ" म्हणून. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय लागला, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. मी त्या दिवशी गर्दीत फक्त कागद तपासले. क्रम तपासला नाही, एक प्रश्न विचारला नाही. तो मुलगा दुसऱ्या वर्षी विषय राहून एटीकेटीत अडकला आणि मग यायचा थांबला. त्यानंतर मी कुठल्याही पालकाला क्रम वाचून दाखवल्याशिवाय उठू दिलं नाही, पण त्या एकाचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून क्रम लावताना फी बाजूला ठेवा. आधी मुलाला विचारा, शाखा कुठली आणि ती नाही मिळाली तर दुसरी कुठली चालेल. मग त्या शाखेची कॉलेजं पसंतीने लावा. मग प्रत्येक कॉलेजच्या साध्या कोडच्या लगेच वर त्याच कॉलेजचा, त्याच शाखेचा टी-कोड घाला. संगणक वरून खाली येतो. टी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर त्याच कॉलेजची साधी सीट तपासतो. टी वर टाकल्याने खालच्या साध्या सीटवरचा तुमचा हक्क कणभरही कमी होत नाही. ही भीती फार लोकांना असते आणि ती निराधार आहे. मात्र मनात नसलेल्या कॉलेजचा टी-कोड मनातल्या कॉलेजच्या साध्या कोडवर टाकू नका, कारण वरचं आधी लागतं.

या सगळ्याच्याही वर मी शासकीय तंत्रनिकेतन टाकेन. सोलापूरला आहे, धाराशिवला आहे, दोन्ही तुम्हाला जवळ. तिथली मूळ फीच खासगीच्या मानाने इतकी कमी असते की टी मिळो न मिळो, घराला झेपते. तरी तिथलाही टी-कोड भराच. कॉम्प्युटरला शासकीयमध्ये चुरस मोठी असते, ८६.४० ला पहिल्या फेरीत लागलं नाही तर खचू नका, फेऱ्या पुढे सरकतात तसे आकडे खाली येतात. आणि मुलाची तयारी असेल तर शासकीयमधली इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल मी सामान्य खासगी कॉलेजच्या कॉम्प्युटरपेक्षा वर ठेवेन. अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्हीकडे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचीच. फरक पडतो तो प्रयोगशाळेत खरोखर हात लावायला मिळतो की नाही याने. हे माझं मत आहे. शिकणार मुलगा आहे, त्याचं मन मोडून करू नका.

तुम्ही खुला प्रवर्ग म्हणालात. कुठल्याही आरक्षणात बसत नसाल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला काढा. दहा टक्के जागा त्यासाठी आहेत आणि तुमचं उत्पन्न पाहता तो तुम्हाला मिळायला हवा. जात एसईबीसीत, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गात, येत असेल तर ईडब्ल्यूएस मिळत नाही, तेव्हा एसईबीसीचे कागद काढायचे. फॉर्ममध्ये "खुला" लिहून मोकळे होणारे पुष्कळ पालक हा हक्क न वापरताच सोडतात.

ताई, आता मुलीचं. तिला अजून वेळ आहे, आणि तिच्यासाठी चित्र बरंच वेगळं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधून असेल, तर ट्यूशन आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के लाभ मिळतो. म्हणजे मुलासाठी तीन जागांवर झगडून जे मिळवायचं, ते तिला साध्या सीटवर मिळू शकतं. फक्त तिच्या प्रवर्गाचा दाखला हवा. म्हणून तिच्या बाबतीत टीचा हव्यास नको. तिथे बांधून घेण्यात तिचा फायदा थोडा.

शिवाय प्रगती शिष्यवृत्ती आहे, तीही एआयसीटीईची. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये. एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न आठ लाखांच्या आत. डिप्लोमासाठी देशभरात ५,००० मुली आणि निवड दहावीच्या गुणांवर, म्हणजे ही खरीखुरी गुणवत्तेची शिष्यवृत्ती. अर्ज महाडीबीटीवर नाही, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. प्रगती घेतली तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती सोबत घेता येत नाही, म्हणून इथेही पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं. महागड्या खासगी कॉलेजात १०० टक्के फीमाफी जास्त फायद्याची ठरू शकते. पण मुलगी शासकीयमध्ये गेली, फीच काही हजारांत, तर प्रगतीचे ५०,००० थेट तिच्या खात्यात येतात आणि त्यातून लॅपटॉप, पुस्तकं, वसतिगृह भागतं. हुशार मुलींना शासकीय आणि प्रगती ही जोडी मी कायम सुचवत आलोय. माझ्याच वर्गातल्या मुली या पैशावर शिकून आज नोकरीत आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाचा फोन आला की तो दिवस माझा असतो. एकच लक्षात ठेवा, वर्ष पास होऊन पुढच्या वर्गात गेलं तरच नूतनीकरण होतं. राहिली की प्रगती थांबते. घरात कुणी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांग असलेलं मूल असेल तर त्यांच्यासाठी सक्षम आणि आई-वडील दोन्ही गमावलेल्यांसाठी स्वनाथ अशा तितक्याच रकमेच्या योजना आहेत. शेजारीपाजारी कुणी असेल तर सांगा.

आता कागद. सगळं इथेच अडतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. गेल्या वर्षी कशासाठी तरी काढलेला घरात असेल तर तो संपला. असाच संपलेला दाखला घेऊन एक आजोबा नातवासाठी अर्ज तपासणीच्या शेवटच्या दिवशी आले होते, चाळीस किलोमीटरवरून. मुलाचे गुण टीच्या कटऑफच्या वर होते. मी काही करू शकलो नाही. शेतकरी कुटुंबाला आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल घ्यावा लागतो, मग महा ई-सेवा केंद्रातून अर्ज. सेवा हमी कायद्यात यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे, पण निकालानंतर सगळा तालुका त्याच रांगेत असतो. अधिवासाचा दाखलाही आत्ताच काढा.

बँकेचं खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं हवं आणि ते आधारशी "सीड" झालेलं हवं. खात्याला आधार नंबर जोडलाय एवढं पुरत नाही. शेवटचं जे खातं एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) सीड, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी नोंदलेलं, आहे त्याच खात्यात सरकारचे पैसे पडतात. मुलाने मधे कुठल्या मोबाईल बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि घरी सगळे म्हणतात आलेच नाहीत. बँकेत जाऊन हा एकच प्रश्न विचारा, "आधार सीडिंग या खात्याला आहे का?"

प्रवेश झाल्यावर महाडीबीटीचा अर्ज त्याच आठवड्यात भरा. त्यासाठी कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती जपून ठेवा. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. त्रुटी काढून परत आला तर तो तुमच्या लॉगिनमध्ये गुपचूप पडून राहतो, कुणी घरी कळवायला येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा लॉगिन करून बघायची जबाबदारी मुलाची. दुसऱ्या वर्षी तोच अर्ज नूतनीकरण म्हणून पुन्हा भरायचा असतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे आपोआप येईल असं समजून दुसऱ्या वर्षी फी गमावणारी मुलं दरवर्षी असतात. आधीच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरीही लागते.

तुमच्या मुलाची यादी मी अशी लावेन: सोलापूर शासकीय कॉम्प्युटर टी, लगेच सोलापूर शासकीय कॉम्प्युटर साधी. मग धाराशिवला त्याच्या पसंतीची शाखा असेल तर तिची तशीच जोडी. मग शासकीयमधल्या इलेक्ट्रॉनिक्स-इलेक्ट्रिकलच्या जोड्या, त्याचं मन असेल तर. मग एसटीने रोज जाता येईल अशा चांगल्या खासगी कॉलेजांच्या कॉम्प्युटरच्या जोड्या. पुण्याची कॉलेजं शेवटी, तीही वसतिगृहाचा खर्च परवडत असेल तरच. फॉर्म कन्फर्म करण्याआधी यादीची प्रिंट काढा आणि मुलाला प्रत्येक ओळीपुढे "ही लागली तर मी आनंदाने जाईन का" याचं हो किंवा नाही लिहायला लावा. नाही आलेली ओळ खोडा.

आणि तलाठ्याकडे उद्याच जा. जाताना सातबारा, रेशनकार्ड, दोघांची आधार कार्डं आणि मुलाची गुणपत्रिका, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घेऊन जा.